डाग आणि झिलई

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुविडैमरुदूरचे विशाल शिवालय मागे पडले की थोड्याच अंतरावर गोविंदपुरम् हे गाव लागते. कावेरीच्या गाळावर पोसलेल्या या मुलखात मराठी माणूस उपरा नाही. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली आणि १८५५ पर्यंत ती नांदली. त्या पावणेदोनशे वर्षांत अभंग, कीर्तन आणि विठ्ठलनाम तमिळ कंठांत असे रुजले की, गादी गेली तरी ते गेले नाही. चालू शतकात गोविंदपुरम् येथे महाराष्ट्रातील देवळांच्या धर्तीचे उंच शिखर असलेले विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर उभे राहिले आहे, आणि पंढरीची वाट ठाऊक असलेली मराठी मंडळी आता या दूरच्या पांडुरंगालाही भेटावयास येतात.

त्यांतील पुष्कळजण मोटारीने येतात. पुण्याहून निघालेली मोटार हजाराहून अधिक किलोमीटरांची मजल मारून देवळापाशी उभी राहते, तेव्हा तिच्या अंगावर त्या प्रवासाची रोजनिशीच लिहिलेली असते. पुढच्या भागावर चिरडलेले किडे, चाकांच्या वर डांबराचे शिंतोडे, झाडाखाली मुक्काम केला असल्यास टपावर पक्ष्यांची विष्ठा, आणि या सर्वांवर पांघरलेला धुळीचा पातळ थर. कोणीतरी खांद्यावरचा कोरडा पंचा काढतो आणि मोठ्या आस्थेने मोटार पुसू लागतो. डाग काढण्याची इच्छा चांगलीच असते. परंतु त्या क्षणी तो नवे डाग पाडीत असतो, आणि ते आधीच्या डागांहून कितीतरी चिवट असतात.

हे कसे घडते, ते समजण्यास गोविंदपुरम्‌चीच एक कथा साह्यभूत होते. नामसिद्धान्ताचे थोर पुरस्कर्ते श्रीबोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान या गावी आहे. १६९२ साली, म्हणजे तंजावरास शहाजीराजे राज्य करीत असताना, ते येथे समाधिस्थ झाले असे परंपरा सांगते. पुढे कावेरीच्या वाळूने ती जागा झाकून टाकली. तेव्हा मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी वाळूतून उमटणाऱ्या रामनामाच्या ध्वनीवरून ती शोधून काढली, अशी कथा भाविक सांगतात. वाळूने झाकलेली वस्तू नष्ट झालेली नसते, वाळू दूर केली की ती जशीच्या तशी हाती येते. मोटारीवरील धुळीचेही तसेच आहे. ती रंगावर असते, रंगात नसते. भरपूर पाण्याने ती वाहून जाऊ दिली, तर खालचा रंग अभंग राहतो. पण त्याच धुळीला फडक्याखाली दाबून फिरविले की वाळूचा प्रत्येक कण लेखणी होतो. वाळूतील गारगोटीचे कण साध्या पोलादाहूनही कठीण असतात, मग रंगाच्या पापुद्र्याची काय कथा! उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोलाकार चरे चमकताना दिसतात, ते बहुधा प्रवासाने पडलेले नसतात. ते पुसण्याने पडलेले असतात.

आता चमत्कार असा की, हे चरे काढावयाचे झाल्यास उपायही तोच आहे. कण वापरूनच ते काढावे लागतात, फक्त अधिक बारीक आणि सारख्या आकाराचे. या विद्येचे मूळ पाहावयाचे असेल तर गोविंदपुरम्‌पासून फार दूर जाण्याचे कारण नाही. कुंभकोणमच्या पश्चिमेस स्वामिमलै हे गाव आहे, आणि तेथील स्थपतींची घराणी आजही पंचधातूच्या मूर्ती ओततात. प्रथम मेण आणि राळ यांची मूर्ती घडवावयाची, तिच्यावर कावेरीकाठच्या अतिशय मऊ गाळाचे लेप चढवावयाचे, ते वाळवून भाजले म्हणजे मेण वितळून बाहेर येते, आणि त्या पोकळीत तप्त रस ओतावयाचा. साचा फोडल्यावर जी मूर्ती हाती लागते ती मात्र देवासारखी दिसत नाही. अंग खडबडीत असते, रसाच्या वाटांचे खुंट तसेच चिकटलेले असतात, ठिकठिकाणी फुगोटे आणि शिरा आलेल्या असतात. मग छिन्नी येते, कानस येते, पॉलिश पेपर येतो, आणि शेवटी चिंच व रिठा यांनी तिला न्हाऊ घातले म्हणजे तेज प्रकट होते.

तिरुविडैमरुदूरच्या देवळात हाती दिवा घेतलेली पितळेची एक स्त्रीमूर्ती आहे. तंजावरच्या मराठी राजघराण्यातील अम्मणी अम्मा हिने आपल्या प्रेमाचा नवस फेडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती अर्पण केली. तीही अशीच ओबडधोबड ओतणीतून कानशीखाली आली असली पाहिजे. येथे ध्यानात धरावयाचे ते हे की, मूर्तीवर तेज वरून चढविलेले नसते. खडबडीतपणा काढून घेतल्यावर जे उरते, त्यालाच आपण तेज म्हणतो. महाराष्ट्रातल्या घरोघरी चिंच आणि राख यांनी तांब्यापितळेची भांडी उजळणाऱ्या बायकांनाही हे सांगावे लागत नव्हते. भांडे घासले की उजळते आणि वर्षानुवर्षे घासले की पातळ होते, हे त्यांना हातांनीच कळलेले होते.

घासल्याने वस्तू का चमकते, याचा विचार न्यूटननेही केला होता. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्याने काच उजळण्याच्या क्रियेचा उलगडा केला आहे. काच घासणारी भुकटी मोठे ओरखडे नाहीसे करीत नाही. त्यांच्या जागी लहान ओरखडे पाडते, मग त्याहून लहान, आणि अखेर ते इतके सूक्ष्म होतात की डोळ्यांना दिसतच नाहीत, असे त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्बी या शास्त्रज्ञाने निराळे मत मांडले. घासताना पृष्ठभाग जणू वितळून पसरतो आणि खळगे भरून काढतो, असे त्याला वाटे. काही पदार्थांत काही अंशी तसे घडतेही. परंतु रंगाच्या झिलईपुरते पाहिले तर न्यूटनची मूळ कल्पनाच आजही कारागिराला वाट दाखविते. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते. चऱ्यांची खोली तिच्याही खाली गेली म्हणजे प्रकाश विखुरत नाही, सरळ परावर्तित होतो, आणि पाहणारा म्हणतो, ‘आरसा झाला!’ वास्तविक डाग काढणे म्हणजे बेताने, मोजूनमापून ओरखडे काढणे होय.

मोटार जन्माला आली तेव्हा ही विद्या तिला घोडागाडीकडून वारशाने मिळाली. युरोपातील आणि अमेरिकेतील उंची गाड्यांना जवसाच्या तेलात खललेल्या रंगाचे व राळेच्या रोगणाचे हात एकावर एक द्यावे लागत. प्रत्येक हात वाळण्यास दिवस लागत, आणि दोन हातांच्या मध्ये समुद्रफेसासारख्या हलक्या ज्वालामुखी दगडाच्या भुकटीने पाणी लावून तो घासावा लागे. एक गाडी रंगून बाहेर पडावयास कित्येक आठवडे जात. हेन्री फोर्डच्या कारखान्यात मोटारी भराभर तयार होऊ लागल्या, तेव्हा हा विलंब परवडेना. १९१४ ते १९२५ या काळात त्याची ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगातच मिळे, कारण भट्टीत तापवून झटपट वाळणारे ते काळे रोगण कामाला सोयीचे आणि टिकाऊ होते. तेव्हा रंगाची निवड ही हौसेची बाब नव्हती. ती वाळण्याच्या वेळेची बाब होती.

ही अडचण दूर झाली ती कापसामुळे. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेल्या पदार्थापासून ड्यू पाँट कंपनीने ‘ड्यूको’ नावाचे रोगण सिद्ध केले, आणि १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर ते निळ्या रंगात झळकले. ते फवाऱ्याने मारता येई, काही तासांत वाळे आणि हवे त्या रंगात मिळे. त्यात एक उणीव मात्र होती. वाळल्यावर ते मंद दिसे, त्यातले तेज हाताने घासून बाहेर काढावे लागे. अशा रीतीने घासण्याची लेई, म्हणजे गॅरेजातल्या भाषेत ‘कंपाउंड’, ही मोटारीच्या संसारातील नित्याची वस्तू झाली. पुढे १९३० नंतर भट्टीत पक्की होणारी आणि आपोआप चकाकणारी एनॅमले आली, तरी कंपाउंडचा डबा गॅरेजातून हलला नाही.

या इतिहासातील एक पान कारागिराच्या फुप्फुसांशी निगडित आहे. जुन्या रंगांत शिसे असे. रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाई आणि माणसे शिशाच्या विषबाधेने झिजत. १९२१ साली अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर कार्बोरंडम बसवून ओल्या घासणीचा पॉलिश पेपर बाजारात आणला. पाण्यामुळे धूळ बसून राहू लागली, पृष्ठभागही अधिक गुळगुळीत होऊ लागला. आज कोणत्याही गॅरेजात बादलीत बुडवून ठेवलेले करड्या-काळ्या कागदाचे तुकडे दिसतात, त्यांच्यामागे गाडीच्या सौंदर्याइतकेच माणसाच्या आयुष्याचेही कारण आहे. अशा घर्षक द्रव्यांचा मोठा कारखाना तामिळनाडूतच, मद्रासेस, १९५४ साली स्थापन झालेल्या कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनीने उभारला.

महाराष्ट्रात या विद्येचे माहेर म्हणजे मुंबई. १९२० साली लोअर परळ येथे गहागन कंपनीचा रंगाचा कारखाना निघाला. त्याचाच पुढे नेरोलॅक झाला. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीस मोटारी जुळविण्याचे काम आरंभिले. १९४२ साली मुंबईतच एशियन पेंट्सचा जन्म झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. त्याच कारखान्याची फियाट आणि पुढे पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होऊन शहरभर धावली. या टॅक्सींना डाग पडत नसे असा दिवस नव्हता. त्यांच्यासाठी गल्लीबोळांतून ‘डेंटिंग-पेंटिंग’ची दुकाने उभी राहिली. तेथे पोचा ठोकून सरळ करावयाचा, लांबी भरावयाची, ओल्या कागदाने घासावयाचे, रंगाचा फवारा मारावयाचा आणि अखेरीस कंपाउंड लावून फडक्याने झिलई आणावयाची, हा क्रम पोरसवदा हातांनी उस्तादाच्या बोलण्यातून आणि बोलण्यांपेक्षाही त्याच्या नजरेतून शिकून घेतला. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. एका काळ्या आणि एका पिवळ्या रंगाला साठ वर्षे सांभाळणारे हात मात्र पुष्कळसे अनामच राहिले.

त्या काळच्या रंगाचा एक गुण असा होता की, तो वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा असे. घासताना फडक्याला रंग लागे आणि आपण काय काढीत आहोत हे कारागिराला डोळ्यांनी दिसे. १९८० नंतर जगभर निराळी पद्धत रूढ झाली. रंगाचा पातळ हात खाली, आणि त्यावर निव्वळ पारदर्शक रोगणाचा थर. चकाकी या वरच्या थराची, रंग खालच्याचा. हा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. तो घासताना फडक्याला रंग लागत नाही, त्यामुळे काही झिजते आहे असे वाटतच नाही. घासणारा खूष असतो, धनी खूष असतो, मोटार दर वेळी नव्यासारखी दिसते. आणि एके उन्हाळ्यात टपावर पांढरट चट्टे उठतात, पापुद्रे सुटू लागतात. तेथे मग कोणतीही झिलई चालत नाही. ‘अति तेथे माती’ ही म्हण या थराइतकी दुसरीकडे क्वचितच खरी ठरत असेल.

म्हणूनच जाणता कारागीर हाती कंपाउंड घेण्याआधी डागाची जात ओळखतो. डाग तीन प्रकारचे. पहिला रंगाच्या वर बसलेला: धूळ, डांबर, झाडाचा चीक. तो धुऊन, भिजवून, योग्य त्या द्रावकाने सोडवून काढावयाचा. त्याला घासण्याचे कारण नाही. चिकटून बसलेले कण काढण्यासाठी जपानमध्ये निघालेली एक मऊ, मातीच्या गोळ्यासारखी वस्तू ओल्या पृष्ठावरून फिरवितात, तिच्यात ते रुतून निघून येतात. दुसरा प्रकार वरच्या थराच्या आत उतरलेला: बारीक चरे, पाण्याच्या थेंबांच्या सुकलेल्या कडा, पक्ष्याच्या विष्ठेतील आम्लाने उन्हात खाल्लेली जागा. असा चरा ओला केल्यावर दिसेनासा झाला, तर तो पारदर्शक थरातलाच आहे असे समजावे, कारण पाणी तात्पुरते तो खळगा भरून काढते. तिसरा प्रकार थर भेदून गेलेला. त्यावरून नख फिरविले तर नख अडते. तेथे झिलई करणे व्यर्थ. आजूबाजूचा सगळा थर त्या खळग्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागेल, आणि तसे करणे म्हणजे पायातला काटा काढण्यासाठी पाय कापणे होय.

दुसऱ्या प्रकारच्या डागांवरही काम करावयाचे ते सर्वांत सौम्य लेईपासून आरंभ करून. सावलीत, थंड पत्र्यावर, एका लहान जागेवर प्रथम करून पाहावयाचे, आणि तेवढ्याने भागत असेल तर तेथेच थांबावयाचे. कडा आणि उंचवटे यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तेथे हात हलका ठेवावयाचा. फिरत्या यंत्राची गादी एके जागी रेंगाळली तर घर्षणाच्या उष्णतेनेच रोगण भाजते. थराची जाडी मोजणारी लहान उपकरणे आज मिळतात, आणि चांगला कारागीर ती वापरतो. मेणाचे मात्र निराळे. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण चऱ्यांत भरून त्यांना लपविते, पृष्ठाचे रक्षणही करते, पण चरा घालवीत नाही. काही धुण्यांनंतर तो पुन्हा दिसू लागतो. यात फसवणूक नाही, ग्राहकाला तसे सांगितले म्हणजे झाले. किंबहुना ज्या गाडीवर थर थोडाच उरला आहे, तिच्यासाठी घासण्यापेक्षा झाकणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

कल्हईच्या भांड्यांशी याची तुलना केली तर भेद स्पष्ट होतो. कल्हई झिजली की कल्हईवाला भांडे तापवी, नवसागर टाकी, कथलाचा तुकडा फिरवी, आणि भांडे पुन्हा नवे होई. तो थर झिजण्यासाठीच दिलेला असे. मोटारीचा कारखान्यात भट्टीवर चढलेला थर तसा परत येत नाही. गॅरेजातला नवा रंग कितीही सुंदर असला तरी तो दुसरा रंग असतो. याच कारणाने जुन्या मोटारींचे दर्दी मूळ रंगाची, थोडी फिकी व थोडी चरे पडलेली गाडी, नव्याने रंगवून लखलखीत केलेल्या गाडीहून अधिक मोलाची मानतात.

ही गोष्ट कावेरीकाठच्या देवळांत तर केव्हाच शिकून झालेली आहे. शतकानुशतके अभिषेक, उटणे आणि घासणे यांनी पूजेतल्या कित्येक जुन्या ब्राँझ मूर्तींचे नाकडोळे झिजून गुळगुळीत झाले, आणि काहींचे डोळे पुढच्या काळातील कारागिरांनी पुन्हा कोरले. ज्या मूर्ती भूमीत पुरल्या गेल्या व उशिरा सापडल्या, त्यांच्या अंगावर हिरवट गंज चढला, पण मूळ शिल्पकाराची रेघ तशीच राहिली. भक्ताच्या दृष्टीने झिजलेली मूर्ती अधिक पूज्य असेल, कारण तिच्यावर असंख्य हातांची सेवा आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने गंजलेली मूर्ती अधिक बोलकी असेल. दोघांचेही म्हणणे योग्य आहे. परंतु जे झिजले ते परत आणता येत नाही, याविषयी दोघांत मतभेद होण्याचे कारण नाही.

आणि प्रत्येक चरा हा डागच असतो असेही नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. पाषाणाच्या गुळगुळीत अंगावर छिन्नीने पाडलेले ते हजारो ओरखडेच होत. कोणी झिलईच्या हौसेने ते घासून साफ केले असते, तर भिंत चकाकली असती आणि एका राजवंशाची वाचा गेली असती. वस्तूच्या अंगावर काय डाग आहे आणि काय लेख आहे, हे ठरविण्यासाठी हातापूर्वी डोळा लागतो.

गोविंदपुरम्‌च्या देवळापाशी उभ्या असलेल्या त्या धुळकट मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. दर्शन घेऊन आलेल्या माणसाने कोरडा पंचा खांद्यावरच राहू द्यावा आणि प्रथम दोन बादल्या पाणी आणावे. कावेरीची वाळू पाण्याबरोबर खाली उतरेल, डांबराचा ठिपका थोडा वेळ भिजत ठेवला म्हणजे सुटेल, आणि विष्ठेखालची जागा वेळीच धुतली गेली तर तेथे खळगा पडणार नाही. इतके केल्यावर उन्हात काही चरे तरीही चमकतील. त्यांतले किती काढावयाचे आणि किती राहू द्यावयाचे, हे गाडीचा थर पाहून ठरवावे. मुंबईच्या गॅरेजातला उस्ताद असो की स्वामिमलैचा स्थपती असो, हात कोठे थांबवावयाचा हे ज्याला कळले, त्यालाच ही विद्या आली असे समजतात.